ताप नव्हता

आमच्याकडं लेकराचं दुखणं ओळखायचं माप एकच. ताप. कपाळाला उलटा हात लावायचा, चटका बसला की घरात धावपळ. कुणी मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवतं, कुणी गाडीला किक मारतं, कुणी देवापुढं खडीसाखर ठेवतं. आणि हाताला अंग गार लागलं की "निवलं गं बाई" म्हणत सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ताप नाही ना, मग लेकरू बरं आहे. मलूल दिसलं तर दात येत असतील, नजर लागली असेल, झोप झाली नसेल.

म्हाताऱ्या माणसाचं मात्र उलटं. खाटेवरच्या आज्याचे तळवे चोळता चोळता कुणी हळूच म्हणतं, "पाय गार पडत चाललेत," आणि लगेच मुंबई-पुण्याच्या लेकांना फोन जातात. म्हणजे गार पडणं कशाला म्हणतात, हे आपल्या बोलीला पक्कं ठाऊक आहे. फक्त ते आपण म्हाताऱ्यांपुरतं ठेवलंय.

माझं शिक्षण दहावी. पुढं बैलामागं गेलो, मग द्राक्षबाग लावली. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, पण शेळ्या आमच्या दारात आज्याच्या काळापासून आहेत. थंडीच्या दिवसांत पहाटे शेळी व्याली आणि करडू ओलंच पडून राहिलं, तर माझी आई पहिल्यांदा त्याच्या तोंडात बोट घालून बघायची. तोंड कोमट लागलं तर ते जगणार. जीभ गार लागली, तर ती त्याला लगेच दूध पाजायची नाही. गोणपाटानं खसाखसा कोरडं करायची, चुलीपुढं धरायची, पदराखाली घ्यायची, आणि तोंडात ऊब आली की मग चीक पाजायची. गार करडाला पाजलं तर दूध छातीत जातं, असं तिचं म्हणणं. तिला अक्षरओळख नव्हती. पण बोट कुठं घालायचं हे तिला ठाऊक होतं, आणि तिच्याकडून ते माझ्या बायकोला कळलं. पुढं जे सांगणार आहे त्यात हे बोट फार कामाला आलं.

आमचा भाग निफाड-दिंडोरीचा. इथली थंडी साऱ्या महाराष्ट्रात गाजलेली. निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात असतेच. नेमका तेव्हाच द्राक्षाचा मणी फुगवणीला आलेला असतो. पारा फार उतरला की फुगवण थांबते. वेल मरत नाही, पण वाढायचं सोडून देते, नुसती तग धरून राहते. त्याहून गारठा वाढला तर मणी तडकतात आणि वर्षाचं उत्पन्न मातीत जातं. म्हणून पहाटे तीन-चारला उठून आम्ही बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतो, धूर करतो, ठिबकचं पाणी सोडतो. तापमापी अँगलला टांगलेली असते. एकेका अंशावर शेतकऱ्याचा डोळा असतो.

या बागांत कामाला माणसं येतात ती पेठ, सुरगाणा, हरसूलकडची. पावसाळ्यात तिकडं भात, नागली, वरई पिकते. ते घरात आलं की दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्याच्या टोळ्या खाली उतरतात. छाटणी, डिपिंग, विरळणी, शेवटी खुडा, असं मार्चपर्यंत चालतं. गावठाणाच्या कडेला पालं ठोकून राहायचं, आणि ज्याचं काम असेल त्याच्या बागेत रोज सकाळी जायचं. सोबत लेकरंही असतात. थोरली बकऱ्यांमागं नाहीतर धाकट्यांना सांभाळायला, आणि अंगावर पिणारी झोळीत.

सात-आठ वर्षं झाली या गोष्टीला. जानेवारीचा दुसरा आठवडा. बागेत विरळणी चालू होती. बायको चहाची किटली घेऊन आली. एका जोडप्यानं दोन अँगलच्या मध्ये लुगड्याची झोळी बांधली होती. त्यांची चौदा महिन्यांची पोरगी आत होती. पोरीची आई म्हणाली, "माई, लई गुणाची हाये. कव्हाच रडत नाही. बसवली तिथं बसून राहती."

बायकोनं झोळीत डोकावलं. पोरगी जागी होती, पण नजर कशावरच ठरत नव्हती. बायकोनं चुटकी वाजवली, तरी मान वळली नाही. बायकोनं फडक्याखाली हात घालून पोटाला लावला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं. मग पदरानं बोट पुसून पोरीच्या तोंडात घातलं.

"इकडं या," ती मला म्हणाली. "करडासारखी जीभ गार लागती हिची."

मी हात लावला. बाहेर ऊन चढलं होतं, दहा वाजून गेले होते. हातपाय गार असणं समजण्यासारखं होतं. पण फडक्यात गुंडाळलेलं पोट गार होतं. दंड माझ्या अंगठ्याएवढा. कुल्ल्यांचं कातडं म्हाताऱ्याच्या गळ्यासारखं लोंबत होतं.

आईला विचारलं तर तिनं सरळ सांगितलं. दिवाळीच्या आसपास पोरीला हगवण लागली, ती दोन आठवडे चालली. मग खाणं सुटलं. अंगावरचं दूध आणि चहात बुडवलेलं बिस्किट, एवढ्यावर होती. दोन दिवसांमागं एका दवाखान्यात नेली होती. तिथं ताप बघितला. ताप नव्हता. अशक्तपणा आहे म्हणून टॉनिकची बाटली लिहून दिली. बाटली पालात होती.

घरून तापमापी आणली. आमची जुनी, पाऱ्याची. काखेत दाबून धरली, घड्याळ लावून पाच मिनिटं. पारा होता तिथंच बसून राहिला. मला वाटलं फुटली की काय. माझ्या काखेत लावली तर बरोबर चढला. तेव्हा ध्यानात आलं की तिच्यावरचे आकडेच पस्तीस अंशांपासून सुरू होतात. त्याच्या खालचं तिला सांगताच येत नाही. ताप मोजायला केलेलं यंत्र ते, गारठा मोजायला नाही.

पोरीचा बाप म्हणाला, "नाना, ताप तर नाही ना? मंग कशाला जायचं? मुकादमाची उचल हाये अंगावर."

मी पिकअप काढली. बायकोनं पोरीला आईच्या पोलक्यात, अंगाला अंग लावून घेतलं, वरून माझा स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी. काचा वर केल्या. तालुक्याच्या दवाखान्यात फार वेळ गेला नाही, तिथून चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं कुपोषित लेकरांचा वेगळा वॉर्ड होता. पोषण पुनर्वसन केंद्र म्हणतात त्याला.

वॉर्डात लेडी डॉक्टर होत्या, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पहिलं काम केलं ते खिडकीजवळची खाट भिंतीकडं ओढायचं. मग एक वेगळी तापमापी काढली, पस्तिसाच्या पुष्कळ खालचं दाखवणारी, आणि ती पोरीच्या गुदद्वारात ठेवली. आकडा आला ३४.२. तिथं ३५.५ च्या खाली, किंवा काखेत ३५ च्या खाली आकडा आला की लेकराचं अंग धोक्याइतकं गार पडलं असं धरतात. आपल्या फॅरेनहाइटच्या हिशेबात काखेतले ३५ म्हणजे ९५. ताप शंभराच्या पुढं गेला की आपण घाबरतो. इथं आकडा खाली चालला होता आणि घाबरायचं कुणाला ठाऊक नव्हतं.

टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. साखर ४१. कुपोषित लेकरात ५४ च्या खाली गेली की लगेच हालचाल करायची असते. वजन ५ किलो २०० ग्रॅम. त्या वयाच्या मुलीचं नऊ किलोच्या आसपास पाहिजे. दंडाला रंगीत पट्टी लावली, १०.४ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली लाल रंग सुरू होतो.

नाकातून बारीक नळी घातली आणि साखरेचं पाणी सोडलं. ५० मिली, शंभरात दहा साखर. मग दुधाचा पातळ खुराक. दोन तास दर अर्ध्या तासाला थोडा थोडा, त्यानंतर दर दोन तासांनी ५५ मिली. दिवसरात्र. बारा वेळा. रात्री दोनलाही आणि पहाटे चारलाही. सिस्टरनं कागद खाटेला अडकवला आणि बायकोला बजावलं, "मावशी, झोपली म्हणून चुकवायचं नाही. उठवून द्यायचं."

पोरीचा बाप हात जोडून म्हणाला, "म्याडम, सलाईन लावा ना. पैसं मी देतो." आमच्याकडं सलाईन लावली म्हणजे इलाज झाला. नुसतं दूध पाजायला दवाखान्यात कशाला यायचं, हा त्याचा प्रश्न मला रास्तच वाटला. डॉक्टर चिडल्या नाहीत. त्यांनी आम्हाला दोघांना बाजूला घेतलं आणि सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो.

लेकरू फार दिवस उपाशी राहिलं की त्याचं शरीर काटकसर करायला लागतं. आधी कातड्याखालची चरबी जाळतं. ती गेली म्हणजे अंगावरची गोधडी गेली. मग दंडामांड्यांचं मांस जाळतं. ते गेलं म्हणजे थंडीत कुडकुडायचं बळ गेलं. कुडकुडणं हेही शरीराचं काम आहे, त्यातून ऊब तयार होते. मोठ्या माणसाच्या काळजात, म्हणजे यकृतात, रात्र काढण्यापुरता साखरेचा साठा असतो. या पोरीच्या यकृतात तो नावालाही नव्हता. म्हणून रात्री दूध चुकलं की साखर उतरते आणि साखर उतरली की अंग गार पडतं. ही दोन दुखणी जोडीनंच येतात. एक दिसलं की दुसरं आहे असं धरूनच चालायचं. त्यात अंग लहान. हंडाभर पाणी निवायला वेळ लागतो, पेलाभर लगेच निवतं.

हृदयही तसंच वाळलेलं असतं. शिरेतून एकदम पाणी सोडलं तर ते त्याला ओढवत नाही. म्हणून शॉकसारखी पाळी आल्याशिवाय अशा लेकराला सलाईन लावायची नसते. आणि ती टॉनिकची बाटली डॉक्टरांनी वास घेऊन बाजूला ठेवली. त्यात लोह होतं. लोह नंतर द्यायचं, पहिल्या आठवड्यात त्यानं अपायच होतो.

दूधही साधं दूध नव्हतं. त्याला एफ-७५ म्हणतात, १०० मिलीत ७५ उष्मांक. इथं ते वॉर्डाच्याच स्वयंपाकघरात करत होते. गाईचं दूध ३०० मिली, साखर १०० ग्रॅम, तेल २० मिली, आणि उकळून गार केलेलं पाणी घालून एक लिटर. आम्ही म्हटलं एवढं पातळ? तर लेकरू सावरेपर्यंत पातळच. पुढं भूक लागली की दाट, एफ-१००. हे मात्र मला सांगायची गरज नव्हती. ७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. कामावर सुकडी वाटायचे ती खाल्लेली आहे. तेव्हा वाळून काटकी झालेल्या बैलाला कुणी मायेनं पोटभर पेंड घातली की बैल फुगून मरायचा. उपाशी जिवाला पोटभर घालणं ही माया नाही, हे जुन्या शेतकऱ्याला पाठ होतं.

पण या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. डॉक्टरांनी पोरीला पहिल्या तासातच अँटिबायोटिक सुरू केलं. मी विचारलं, "ताप नाही, खोकला नाही, मग हे कशाला?" त्या म्हणाल्या, "काका, ताप यायलासुद्धा अंगात ताकद लागते." दुसऱ्या दिवशी छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया होता. धडधाकट लेकराला न्यूमोनिया झाला तर ते तापानं फणफणतं, शरीर सगळं सरपण पेटवून रोगाशी झुंजतं. इथं पेटवायला सरपणच नव्हतं. रोग आत होता आणि बाहेर गारठा दिसत होता. अशी लेकरं गार पडली की आत कुठंतरी जंतू बसलेत असं गृहीत धरून औषध चालू करतात, ताप यायची वाट बघत नाहीत.

आपण भुकेला आग म्हणतो. पोटात आग पडली, भुकेचा आगडोंब उसळला. एका दिवसाच्या भुकेला ते बरोबर आहे. फार दिवसांची भूक आग नसते. ती विझलेली चूल असते, आणि विझलेली चूल आवाज करत नाही. म्हणून ती पोरगी "गुणाची" होती.

वॉर्डात हीटर एकच होता आणि तो दुसऱ्या खाटेला लावलेला होता. गरम पाण्याची पिशवी सिस्टर लावू देत नव्हत्या. अशा लेकराचं कातडं इतकं पातळ होतं की भाजलं तरी ते रडत नाही. त्यांनी पोरीच्या आईला सांगितलं की पोलकं सोडून पोरीला उघड्या छातीवर घे, वरून दोघींना गोधडी. आई लाजली. वॉर्डात ये-जा होती. तेव्हा बायकोनं चादरीचा आडोसा धरला आणि तासभर तशीच उभी राहिली, मग चादर खाटेच्या गजाला बांधून टाकली.

हा उपाय मला साधा वाटला होता. नंतर वाचलं की १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात, बोगोटा शहरात एका रुग्णालयात काचपेट्या अपुऱ्या होत्या म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कमी दिवसांची लेकरं आईच्या छातीला बांधायला सुरुवात केली, आणि तिथून ती पद्धत जगभर गेली. कांगारूच्या नावानं तिला ओळखतात. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्यात बाळाला ऊब देणं, उबदार पिशवीत ठेवणं, हे कामाचंच एक अंग होतं. त्या गावांत महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. नवजात बाळ आणि वाळलेलं लेकरू, दोघांचं या एका बाबतीत सारखं आहे. दोघांना आपली ऊब आपण धरून ठेवता येत नाही.

मला रात्री वॉर्डात थांबायची मुभा नव्हती. पोरीचा बाप आणि मी व्हरांड्यात बसलो. दर दोन तासांनी सिस्टर तापमापी लावायच्या आणि बायको दारापाशी येऊन आकडा सांगायची. दहाला ३५.१. बाराला ३५.६. दोनला परत ३५.४, कारण दुपटं ओलं झालेलं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते बदललं. चारला ३६.१. सकाळी सहाला ३६.६. साडेछत्तीसच्या वर गेलं म्हणजे धोका टळला, असं सिस्टरनं सांगितलं होतं. पोरीचा बाप रात्रभर बोलला नव्हता. तो उठला आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आला.

पलीकडच्या खाटेवर, जिथं हीटर होता, तिथं वीटभट्टीवरच्या एका जोडप्याचं नऊ महिन्यांचं पोरगं होतं. त्याच्या पायावर सूज होती, बोट दाबलं की खड्डा पडायचा. दवाखान्यात न्यायचंय म्हणून आईनं त्याला सकाळी स्वच्छ अंघोळ घालून आणलं होतं, भट्टीवरच्या हौदाच्या पाण्यानं. त्यात तिचा काय दोष? डॉक्टरकडं लेकरू स्वच्छ करूनच नेतात. ते पोरगं तिसऱ्या पहाटे गेलं. त्याची आजी सकाळी सगळ्यांना एकच सांगत होती, "शेवटपर्यंत ताप आला नाही हो त्याला."

त्या दिवशी आमच्या पोरीच्या आईनं गाठोडं बांधलं. तिला वाटलं, इथं राहिलं तर आपलीही जाईल. बापाचीही घाई होती. मुकादमाचे दोन फोन येऊन गेले होते. थोरलं पोरगं पालात आजीजवळ होतं. पोरगी आता गरम लागत होती, रडायलाही लागली होती. त्यांच्या लेखी ती बरी झाली होती. बायकोनं समजूत घातली, सिस्टरनं घातली. डॉक्टरांनी सांगितलं की इथं राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. शेवटी मी मुकादमाशी बोललो. उचलीचा हिशेब खुड्यापर्यंत थांबवायचं त्यानं कबूल केलं, फुकट नाही, मी जामीन राहिलो तेव्हा. बाप कामावर गेला आणि आई राहिली.

सोळा दिवस राहिली. पाचव्या दिवशी नळी निघाली आणि पोरीनं वाटीला तोंड लावलं. सातव्या दिवशी आईच्या हातातली वाटी ओढली. सिस्टरनं ते कागदावर लिहिलं. वजन ग्रॅमवर मोजत होते, किलोमागं दिवसाला दहा ग्रॅम वाढलं की बरं चाललंय असं धरायचे. निघाली तेव्हा ६ किलो १०० ग्रॅम होती. चमत्कार झाला असं म्हणणार नाही. पोरगी हाडकुळीच होती, पण चुटकी वाजवली की मान वळवत होती.

हे आमच्याच भागातलं दुखणं आहे असंही नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सरकार हादरलं होतं. पेठहून ते काही लांब नाही. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली ही नावं तर दर पावसाळ्यात पेपरात येतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साऱ्या महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर लेकरांत जवळपास ११ लेकरं उंचीच्या मानानं अतिशय कमी वजनाची निघाली. ही सगळीच काही दवाखान्यात भरती करायची नसतात. ज्याला भूक आहे, जे खेळतं, ज्याच्या पायावर सूज नाही, त्याला गावातच बालविकास केंद्रात वेळच्या वेळी खाऊ घालून सावरता येतं. पण जे खात नाही, मलूल आहे, गार आहे, त्याला गाडीत घालायचं, त्याच दिवशी.

आणि हे फक्त हिवाळ्यापुरतं समजू नये. मीही डॉक्टरांना विचारलं होतं की आमच्या थंडीनं झालं का हे. त्या म्हणाल्या, थंडीनं भर घातली, पण अशी लेकरं एप्रिलमध्येही पहाटे गार पडतात. वॉर्डात पंखा लावला, खिडकी उघडी राहिली, लेकरू ओलं राहिलं, रात्रीचं एक दूध चुकलं, एवढ्यानंही पडतात. दवाखान्यात आणलं म्हणजे सुटलो, असं नाही. तिथंही कुणीतरी रात्री दोनला उठावं लागतं.

आता दिवाळीनंतर टोळ्या उतरल्या की बायको आणि अंगणवाडीच्या ताई पालांवर जातात. ताईंकडं दंडाची पट्टी असते. बायको पोटाला हात लावते. काखेत नाही, कपाळाला नाही, फडक्याखाली पोटाला. मी एक डिजिटल तापमापी आणून दिली आहे, बत्तीसपर्यंत खाली मोजणारी. पण खरं काम हात करतो. टोळीतल्या बायाही आता आपसांत सांगतात, पोरगं रडत नसेल तर पोटाला हात लावून बघ.

गेल्या साली एकोणीस लेकरं मोजली. दोघांचे दंड लाल पट्टीत आले. एकाला तिथूनच धाडलं. दुसऱ्याची आई म्हणाली उद्या सांगते, आणि सकाळी जाऊन बघितलं तर पाल रिकामं. दुसऱ्या गावात जास्त मजुरी मिळत होती, रातोरात निघून गेले होते. लेकराचं नाव आमच्या गावच्या वहीत राहिलं आणि लेकरू दुसऱ्या तालुक्यात. ताईंनी फोन लावायला सुरुवात केली. या गावची अंगणवाडी, त्या गावची अंगणवाडी. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी एका गावच्या ताईंनी सांगितलं, आहेत इथं, कालच उतरलेत, नाल्याच्या कडेला.

आमच्या ताईंनी नाव सांगितलं, वय सांगितलं, दंड १०.९ सांगितला. बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "त्यांना आधी जाऊन पोटाला हात लावून बघायला सांगा."

अर्ध्या तासानं फोन आला. पोट गरम होतं. लेकरू भाकरीचा तुकडा धरून बसलं होतं, आणि ताईंनी उचललं म्हणून मोठ्यानं रडत होतं. फोनवर ते रडणं आम्हालाही ऐकू येत होतं.